जगातलं पाणी

ब्रश क्रीक, ३ ऑक्टोबर

प्रिय क्लेटदादा,
स. न. वि. वि.

रात्रभर डोळ्याला डोळा नाही. आमची तान्ही हॅटी परवापासून दूध ओकत होती, अंगावर पुरळही आलं होतं. मग मी तिची दुधाची पावडर विकतच्या बाटलीच्या पाण्यात कालवली, तर ओकायची थांबली. ती थांबली आणि माझी झोप उडाली.

कारखान्याची टाकी गळल्यापासून नळाचं पाणी पिवळट येतं, जळक्या रबराचा वास मारतं. कंपनी म्हणते, चांगलंय. तुझा मेहुणा कोडी तिथेच कामाला, तो म्हणतो, तोंड मिटून बस.

तुझे हॅकेटसाहेब निवडणुकीला उभे राहिल्यापासून टीव्हीवर म्हणतात ना, कंपन्यांनी दोन्ही पक्ष खिशात घातलेत, मी एकटा तुमचा? मग त्यांना एवढंच विचार, हे पाणी प्यावं का. मला तुझ्याशिवाय कुणाचं खरं वाटत नाही.

शेजारची मिस ओपल विचारते, क्लेटन आता टाय लावतो म्हणे, गळ्याला काचत नाही ना.

मायेत ठेव.
केल्सी

---

चार्ल्सटन, ९ ऑक्टोबर

लाडके केल्सी,
अनेक आशीर्वाद.

लहानपणी ओढ्यातले बेडूक तोंडात घालणारी तू, आता पाण्याला भितेस होय? मिस ओपलला सांग, टाय काचतो, पण साहेबांसाठी सोसतो.

तुझं पत्र साहेबांना वाचून दाखवलं, त्यांचे डोळे भरून आले. रविवारी ते आपल्या चर्चच्या जेवणाला येतायत. तुझ्या नळाचं पाणी जग भरून आण, सगळ्यांदेखत पितील. ते प्यायले की समज, भीती नाही. त्या दुसऱ्या पक्षाचे लोक कंपनीच्या ताटात जेवतात. आपला माणूस तसला नाही. मी आहे ना.

हॅटीला मामाचा पापा.
क्लेटन

---

ब्रश क्रीक, २१ नोव्हेंबर

क्लेटदादा,
स. न. वि. वि.

तुझा जुना फोन बंद लागतो. नवा नंबर ऑफिसातली मुलगी देत नाही, निरोप देते म्हणते. म्हणून हे पत्र ऑफिसच्या पत्त्यावर.

साहेब चर्चमध्ये ग्लास उंच धरून म्हणाले, "तुम्ही प्याल तेच मी पिणार." आणि घटाघटा प्यायले. सगळे उभे राहून टाळ्या वाजवत होते, मी तर रडले. जगातलं पाणी त्या दिवशी अगदी स्वच्छ दिसत होतं. मला वाटलं, चर्चच्या दिव्यांमुळे. घरी येऊन विकतच्या बाटल्या बंद केल्या आणि हॅटीला नळाच्याच पाण्यातलं दूध दिलं.

साहेब निवडून आले. त्या रात्री स्टेजवर कंपनीचा मालक त्यांच्या खांद्यावर हात टाकून उभा होता. मागे तू होतास, टाळ्या वाजवत.

हॅटी हॉस्पिटलात आहे. तिची किडनी काम करत नाही. डॉक्टर म्हणतात, पाण्यात काय आहे ते कळलं तर औषध ठरवता येईल. मी बाटलीत पाणी भरून तपासायच्या ऑफिसात नेलं, तर तिथला माणूस हसला. म्हणाला, बाई, हॅकेटसाहेब सगळ्यांदेखत प्यायलेत, आता काय तपासायचं. मग दुसऱ्या पक्षाच्या ऑफिसात गेले. तिथल्या बाईंनी मायेनं कॉफी दिली. भिंतीवर देणगीदारांचे आभार मानले होते. सगळ्यात वर आपलीच कंपनी.

मिस ओपल त्या दिवशी चर्चच्या स्वयंपाकघरात भांडी घासत होती. काल ती माझ्याजवळ रडली. म्हणाली, क्लेटननं जग मोरीत ओतला आणि बाटल्यांच्या पाण्यानं भरला. मला डोळा मारून म्हणाला, साहेबांचं पोट नाजूक आहे. मला वाटलं, केल्सीला माहीत असेल.

दादा, मला माहीत नव्हतं.

तिचं कुणी ऐकत नाही, म्हातारी आहे म्हणतात. तू सांगितलंस तर ऐकतील, नळाचं पाणी तपासतील. माया असू दे, रागावू नकोस.

हे पत्र तुझ्याआधी दुसरंच कुणी उघडेल, ते मला कळतं. तर जे कुणी वाचताय, तुम्हाला हात जोडते. कंपनीला कळवू नका, कोडीची नोकरी जाईल. फक्त माझ्या भावाला फोन करा. म्हणावं, जगात काय होतं तेवढं तपासणाऱ्यांना सांग. हॅटी अजून आहे. फोन करा त्याला.

केल्सी