अर्ध्या घराच्या बदल्यात

मी, महेश्वरी महालिंगप्पा कलशेट्टी, वय ४५, अविवाहित, व्यवसाय विद्यार्थ्यांचे ऑनलाइन अर्ज भरून देण्याचा, राहणार उमरगा, जिल्हा धाराशिव, हा कागद स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. हृदयाची एक झडप तेवढी ठिकाणावर नाही, आणि तिच्यासाठी येत्या तेवीस तारखेला सोलापूरला ऑपरेशन आहे. कोणाच्याही दबावाखाली लिहीत नाही, असे इथे लिहावे लागते. दबाव आहे. पण तो हा कागद लिहून घेण्यासाठी कोणी आणलेला नाही, एवढे खरे. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही.

१. घर. हायवेलगतचे आमचे राहते घर माझे वडील कै. महालिंगप्पा यांनी बांधले. अप्पा आणि आई गेल्यावर ते माझ्या आणि माझा थोरला भाऊ उमाशंकर, म्हणजे अण्णा, याच्या नावावर निम्मे-निम्मे लागले. मी हक्कसोडपत्र करून द्यावे असे अण्णा अकरा वर्षे म्हणतो आहे. बहिणी सही करतात आणि साडी-चोळी घेऊन जातात, अशी रीत आहे. मला जायला दुसरे घर नव्हते, म्हणून मी सही केली नाही.

उद्या, सोमवारी, मी ती करणार आहे. अट एकच. अण्णाची मुलगी शुभांगी हिला लातूरच्या फार्मसी कॉलेजात प्रवेश मिळाला आहे. तिच्या पहिल्या वर्षाच्या फीचा डीडी अकरा वाजता बँकेतून निघेल, माझ्या हातात येईल, आणि मग आम्ही दोघे रजिस्ट्री ऑफिसात जाऊ. कॉलेजात हजर होण्याची मुदत मंगळवारी संध्याकाळी पाचपर्यंत आहे.

सही होण्याआधी मला काही झाले, किंवा डीडी निघाला नाही, तर माझा निम्मा हिस्सा शुभांगीचा. अण्णाचा नाही. सही झाली तर हे कलम आपोआप रद्द समजावे, आणि घराबाबत माझ्याकडे देण्यासारखे काही उरणार नाही.

२. हे असे का, ते शुभांगीला कळले पाहिजे, म्हणून लिहिते.

मुलींची फी माफ होते. त्यासाठी घराचे वर्षाचे उत्पन्न आठ लाखांच्या आत लागते. आमचे खरे उत्पन्न त्याच्या निम्म्याइतकेही नाही. पण यंदाच्या जुलैत अण्णा माझ्या टेबलासमोर येऊन बसला. त्याला दुसरा ट्रक घ्यायचा होता आणि बँकेला आयकराचे रिटर्न हवे होते.

"महेश्वरी, नऊ दाखव."

"अण्णा, नऊ आहेत कुठं?"

"कागदावर दाखवायलो ना. टॅक्स भरतो की मी. तुला काय त्रास?"

"शुभांगीचं कॉलेज अडंल. फी माफ व्हणार न्हाय."

"कसलं कॉलेज? यंदा स्थळं बघायलोय. तू नऊ टाक."

मी नऊ टाकले. ही आठ लाखांची मर्यादा मी तालुक्यातल्या शेकडो आईबापांना समजावून सांगितली आहे. मला ती माहीत नव्हती असे म्हणायला जागा नाही. शुभांगीने एप्रिलमध्ये सीईटी दिली होती, गुणही चांगले होते. तरी मी मनात धरून टाकले की ही काही जाणार नाही. आमच्या घरातून कोणी जात नाही. मी बटण दाबले, पावती छापली आणि अण्णाने चहा मागवला. मी तो प्याले.

ऑगस्टमध्ये शुभांगीने माझ्याशेजारी बसून, मला न विचारता, स्वतःच्या मोबाइलवर कॉलेजांचे पसंतीक्रम भरले. यादीत नाव लागले तेव्हा ती हसत माझ्याकडे आली. "आत्या, आता उत्पन्नाचा दाखला तेवढा काढून दे." मी उठून पाणी प्यायला आत गेले.

३. सगळे रस्ते मी तपासले. रिटर्न दुरुस्त करता येते. पण त्याच रिटर्नवर बँकेने ट्रक दिला आहे, त्यामुळे अण्णा तयार नाही. तलाठ्याकडून कमीचा दाखला आणू, असे तोच म्हणाला. बापाचे रिटर्न नऊचे आणि मुलीचा दाखला तीनचा, हे उद्या कोणीही समोरासमोर ठेवील आणि अडकेल ती मुलगी. मी तसा दाखला लावला नाही. शैक्षणिक कर्ज मागितले तर अण्णाच्या नावावर आधीच दोन ट्रकांचे कर्ज आहे. घर तारण ठेवायला दोघांची सही लागते, आणि बापाचे घर पोरीच्या शिक्षणासाठी गहाण टाकणार नाही, असे अण्णा म्हणाला. ट्रस्टांच्या तारखा जुलैतच संपल्या. ऑपरेशन पुढे ढकलून ते पैसे भरावेत असेही मनात आले. मला तपासणारे डॉ. महारुद्र ओरडले, "बाई, तुम्हीच गेलात तर पुढच्या वर्षीचा अर्ज कोण भरणार?"

शुभांगीच्या लग्नाला ठेवलेले पैसे फीसाठी मोडायला अण्णा तयार नव्हता. मग उरले माझे निम्मे घर. शुक्रवारी मी अण्णाला म्हणाले, "तुला घर पायजे ना? घे. आधी डीडी."

"सख्ख्या भावावर इश्वास न्हाय व्हय?"

"न्हाय."

तो म्हणाला, "त्या पाकिटाचं अजून धरून बसलीस व्हय."

४. पाकिटाचे असे. १९९८ साली लातूरला बीएस्सीसाठी माझे नाव लागले होते. सोलापूरचा एक ट्रस्ट वसतिगृहाचा खर्च देणार होता. अर्ज शेवटच्या तारखेला हातोहात पोचवायचा होता आणि अप्पांनी पाकीट अण्णाला दिले. तो तेव्हा वीस वर्षांचा होता. सोलापूरची एसटी लवकर येईना. तेवढ्यात ओळखीचा ट्रक थांबला, तो उलट्या दिशेने हैदराबादला चालला होता, आणि अण्णाला आयुष्यात पहिल्यांदा केबिनमध्ये बसायला मिळाले. तीन दिवसांनी तो माझ्यासाठी लाखेच्या बांगड्या घेऊन आला. पाकिटाचे विचारले तर म्हणाला, "दिलं की." दोन महिने मी उत्तराची वाट पाहिली. अप्पा म्हणाले, नशीब. अण्णाने खरे सांगितले ते अप्पा गेल्यावर, सातव्या दिवशी, रडत रडत.

त्या बांगड्या माझ्या पेटीत आहेत. त्या अण्णाला द्याव्यात. राग मात्र मी कोणाच्या नावे करीत नाही. त्याने माझे कॉलेज विसरून घालवले. मी त्याच्या मुलीचे कॉलेज डोळे उघडे ठेवून घालवत होते. दोघांत जास्त चुकले कोण, हे मला ठरवता आलेले नाही.

५. बँकेत जे आहे त्यातून ऑपरेशनचा खर्च वजा जाता उरेल ती रक्कम शुभांगीच्या वसतिगृहाला आणि खाणावळीला. थोडी आहे. दिवाळीपर्यंत पुरेल.

६. कॉम्प्युटर, प्रिंटर आणि अंगठ्याचे मशीन शुभांगीला देऊ नये. तिला दिले तर ती इथे बसेल. ते बांगड्यांच्या दुकानवाल्या नागूबाईंच्या सुनेला द्यावे. तिला टायपिंग येते आणि ती लोकांवर खेकसत नाही.

७. माझी निळी डायरी शुभांगीला. तिच्यात चौदा ट्रस्टांचे पत्ते आणि तारखा आहेत. शुभांगी, हे नीट वाच:

पहिल्या आठवड्यात कॉलेजात "कमवा आणि शिका" आहे का ते विचार. लाजू नको. लायब्ररीतले काम मिळाले तर घे, बागेतले मिळाले तरी घे.

ट्रस्टला पत्र लिहिताना रडगाणे लिहायचे नाही. तिथे रोज दोनशे रडगाणी येतात. काय शिकते आहेस, किती कमी पडतात, आणि ते मिळाल्यावर काय करशील, एवढे तीन परिच्छेद.

तुझा प्रवेश सरकारी फेरीतून झाला आहे, तो सोडायचा नाही. पप्पा म्हणतील की घराजवळच्या कॉलेजात ओळखीने मॅनेजमेंटची जागा मिळते, रोज येऊन-जाऊन करता येईल. त्या जागेला फीची सवलत लागू नसते. एकदा ती घेतलीस की चार वर्षे पप्पांच्या खिशाकडे बघत बसशील.

पुढच्या जुलैत पप्पांचे रिटर्न खऱ्या आकड्याचे भरायचे, हे मी त्यांच्याकडून कबूल करून घेतले आहे. ते भरताना तू शेजारी बस. मग दुसऱ्या वर्षापासून सवलतीचा अर्ज करता येईल. मी तिघींचे असे केले आहेत.

आधारला जोडलेले बँक खाते तुझे स्वतःचे ठेव आणि त्याचा मोबाइल नंबरही तुझाच. घरात कोणी "माझा नंबर टाक" म्हणाले तर नाही म्हण. मी नाही म्हणायला शिकले तेव्हा पंचेचाळीस वर्षांची होते.

८. शुभांगीच्या आईला, उमावहिनीला, माझी हिरवी इरकल साडी. तिने तिची बांगडी मोडून सीईटीची फी भरली होती, हे फक्त मला माहीत आहे. आता अण्णालाही कळेल. कळू दे.

९. मला आमच्या लिंगायत रीतीप्रमाणे इष्टलिंगासह माती द्यावी. जेवणावळ घालू नये. तो खर्च कोणाला करायचाच असेल तर कॉलेजच्या खात्यात भरावा आणि पावती घ्यावी.

१०. राहण्याबाबत. हक्कसोडपत्राच्या मसुद्यात मी एक वाक्य घातले होते: महेश्वरीला हयातीत समोरच्या खोलीत राहण्याचा हक्क राहील. काल संध्याकाळी अण्णाने तिथे बोट ठेवले.

"हे कशाला? तू काय परकी हायस?"

"असू दे की लिहिलेलं."

"लोक वाचतील. भावानं बहिणीला कागदावर ठिवली म्हणतील. हे काढ, न्हायतर सोमवारचं ऱ्हाऊ दे, दसरा झाल्यावर बघू."

दसऱ्यानंतर कॉलेजने शुभांगीचे नाव काढून टाकलेले असेल. मी ते वाक्य काढू दिले. त्याने विचारले, "मग कुठं ऱ्हाणार म्हणतीस?" मी म्हणाले, "इथंच. तुझ्या घरात." तो "असंच की" म्हणाला आणि ट्रकला हवा भरायला गेला. तो वाईट माणूस नाही. पण रात्री दाराला कडी लावताना, आता ही कडी विचारून लावायची का, असे मला वाटले.

शुभांगीला यातले काही माहीत नाही. तिला वाटते, पप्पांनी मनावर घेतले. ऑपरेशनमधून मी परत आले तर तिला तसेच वाटू द्यावे.

११. मी वारले तर हे सगळे पार पाडायचे काम डॉ. महारुद्र बिराजदार यांनी करावे. त्यांनी हो म्हटले आहे.

१२. ~~शुभांगीला नोकरी लागून ती कुठेही, कितीही लहान, स्वतःची खोली घेईल, तेव्हा तिथे माझ्यासाठी एका खाटेपुरती जागा ठेवावी, अशी तिला विनंती आहे.~~

वरील कलम बारा मीच खोडले आहे. ते मी मोठ्याने वाचून दाखवले तेव्हा नागूबाई म्हणाल्या, "अगं पोरी, हा कागद उघडंल तवा तुला खाट कशाला लागंल?" मृत्युपत्रात जिवंतपणी राहायची जागा मागता येत नाही, हे माझ्या ध्यानात आले नव्हते. ते कुठे मागायचे, तेही मला माहीत नाही. खोडलेल्या ओळीशेजारी मी सही केली आहे. बाकी अकरा कलमे कायम.

हा कागद मी वाचून पाहिला आणि दोन्ही साक्षीदारांच्या देखत सही केली. त्यांनीही माझ्या समोर केल्या.

मृत्युपत्र करणार: महेश्वरी महालिंगप्पा कलशेट्टी (सही)

साक्षीदार:
१. डॉ. महारुद्र बिराजदार, उमरगा. बाईंना मी तपासले असून त्या पूर्ण शुद्धीवर आहेत. (सही)
२. नागूबाई कोंडीराम सुरवसे, बांगड्यांचे दुकान, उमरगा. (सही)

स्थळ: उमरगा, समोरची खोली
दिनांक: १४ सप्टेंबर २०२५, रविवार