बैठक पक्की

३ नोव्हेंबर
ठरलं! एकोणतीसला, रविवारी, नव्वद किलोमीटरची सायकल फेरी. ताईच्या हॉस्पिटलातल्या मुलांच्या वॉर्डच्या मदतीसाठी. ताई तिथे नर्स. मुलांना तिने सांगूनही टाकलंय की माझा भाऊ सायकलवर बसून गेटमधून आत येणार. बायकोने विचारलं, शेवटची सायकल कधी चालवली होती? लग्नाआधी. म्हणजे अनुभव आहेच.

५ नोव्हेंबर
सायकलवाला म्हणाला, पायांचं सोडा, बैठक सांभाळा. सगळे तिथेच रडतात. हसूच आलं. बावीस वर्षं ऑफिसात एकाच लाकडी खुर्चीवर बसतोय, आणि हा मला शिकवणार! तरी मोठ्या मनाने ऐकलं. उद्यापासून रोज शंभर बैठका.

६ नोव्हेंबर, सकाळी
सतरा झाल्या. उरलेल्या मनातल्या मनात.

७ नोव्हेंबर
खुर्चीत बसताना 'आई गं' निघालं. साहेबांनी केबिनमधून डोकावून पाहिलं. बैठक तयार होतेय, दुसरं काय!

१२ नोव्हेंबर
सायकलवाल्याने कपाळाला हात लावला. म्हणाला, बैठका नव्हे हो, बैठक! म्हणजे सीटवर बसायची पद्धत. आणि गादीवाली चड्डी घाला, तिच्या आत काहीही नको, शिवण घासते. शी! मी चारचौघांत वावरणारा माणूस. आत नेहमीच्या दोन घालणार, वरून ती. जास्त कापड, जास्त आराम. साधं गणित आहे.

१८ नोव्हेंबर
घासू नये म्हणून ताईने क्रीम पाठवलं. सगळी ट्यूब सीटला चोपडली. काय चकाकतेय!

२२ नोव्हेंबर
पहिला सराव. सहा किलोमीटर, तीनदा घसरलो. बायको हसून हसून ओट्याला टेकली. ताईचा फोन आला, मुलं कागदी झेंडे रंगवतायत म्हणे. फोन ठेवून दोन तांबे पाणी प्यायलो. आनंदानेच तहान लागली असणार.

२३ ते २८ नोव्हेंबर
विश्रांती. ताकद साठवतोय.

२९ नोव्हेंबर, सकाळी ६
निघालो! तीनही चड्ड्या चढवल्यात. चालताना जरा फेंगडा दिसतो, पण मला चालायचं कुठंय?

७.३०
शिवण जाणवते. नुसती जाणवते.

८.१५
शिवण कसली, करवत आहे! सायकलवाल्याची माफी मागावी का? नको, शेफारेल.

९.१०
उभ्याने पॅडल मारायचं तंत्र शोधून काढलं. इतरांना कसं सुचत नाही?

९.२०
पाय संपले.

११.००
फेरीच्या मागून येणाऱ्या सामानाच्या टेम्पोत पालथा. ही माघार नव्हे. ड्रायव्हर बिचारा एकटा होता, त्याला सोबत. पण देवा, ती पोरं गेटवर उभी असतील. आज त्यांना तोंड कसं दाखवू?

दुपारी १
गेटच्या अलीकडे टेम्पो थांबवला. ड्रायव्हर नको नको म्हणत होता. शेवटचे पन्नास फूट सीटवर बसून! असा काही ओरडलो की मुलांना वाटलं मीच हॉर्न वाजवतोय. काय टाळ्या, काय झेंडे! आत आलो, सायकलवरूनच आलो. डोळे भरून आले. दोन्ही कारणांनी.

३० नोव्हेंबर
पुरुषांचा वॉर्ड भरलेला, त्यामुळे मला मुलांच्या वॉर्डात ठेवलंय. अजून पालथाच. शेजारच्या खाटेवर पाच वर्षांची एक चिमुरडी. तिने विचारलं, काका, कुठे लागलं? सांगितलं. ती म्हणाली, तिला तिथेच तीन इंजेक्शनं दिली, ती एकदाही रडली नाही. म्हणून ताईने तिला 'शूर' लिहिलेले तीन स्टिकर दिलेत.

मग ताईने माझं ड्रेसिंग बदललं. मी रडलो. अख्ख्या वॉर्डाला ऐकू गेलं. चिमुरडीला दया आली, तिने आपला एक स्टिकर काढून माझ्या कपाळाला चिकटवला.

ताईने तो काढून तिला परत दिला. म्हणाली, रडणाऱ्यांना मिळत नाही.