गाडग्यातले मीठ

तुला लिहितो आहे. वर मायना घातलेला नाही; तू असताना तुझे नाव मी कधी तोंडाने घेतले नाही, ते आता कागदावर घेणे मला जमणार नाही. सकाळपासून पाऊस आहे. थळचा समुद्र खिडकीतून दिसत नाही, नुसता ऐकू येतो, आणि अशा दिवशी तुझ्या मागून तराजू घेऊन कोळीवाड्यात चाललेला मी मलाच आठवतो. दवाखान्याने तुला गावोगावची तान्ही मुले पाहण्यासाठी नेमले होते: त्यांचे दूध, त्यांची आंघोळ, त्यांचा ताप, त्यांच्या आयांची झोप. शाळेला सुट्टी असली की ओझे माझ्याकडे. "मास्तर बायकोचे मागं चाललं," असे जाळी विणणारे हसत. तू मागे न पाहता म्हणायचीस, "येऊ द्या हो, वाट चुकायचे नाहीत." दिवसभर 'हाय' नि 'नाय' करून तू घरी यायचीस आणि मी तुझी भाषा सुधारू लागायचो. "अहो," तू म्हणालीस एकदा, "ती पोरं रडतात ती शुद्ध रडतात की अशुद्ध, तेवढं येऊन सांगा."  

मुलाचे वजन केले की त्याला दृष्ट लागते, अशी तिथल्या बायकांची समजूत होती. तू ती खोडून काढली नाहीस. वजन नको, आपण मिठाने दृष्ट काढू, असे तू सांगितलेस. मासळीच्या तराजूच्या एका पारड्यात मूल, दुसऱ्यात मीठ. मूल जड झाले की आईने मुठीने मीठ वाढवायचे आणि ते सगळे त्या मुलाच्या गाडग्यात जपून ठेवायचे. मूल वर्षाचे झाले की सारे मीठ दृष्टीसकट समुद्रात सोडायचे. मग बायका आपण होऊन मुले घेऊन येऊ लागल्या.

आणि श्रावणातली ती दुपार. होड्या माडाच्या झापांनी शाकारलेल्या, पुरुष घरात. आपण दाराशी पोचतो तर चुलीत लोखंडी सळई तापत घातलेली आहे. जिचे पहिले मूल याच वयात दगावले होते, ती तरुण आई कोपऱ्यात पोराला छातीशी धरून बसली आहे. तिची सासू तुला म्हणते, "सकाळी आमच्या तराजूत तुज्याच मिठान तोलला, बाय. पोर हलका झाला. आता पोटावर डागल्याबिगर नाय." तू पोराकडे पाहतेस. मनगटाला वळ्या पडलेल्या, गाल भरलेले. तरी तू पुन्हा तराजू धरतेस, आणि मिठाचे पारडे खाली जाते. तराजू खोटा म्हणावे, तर उद्यापासून कोणतीही आई मूल आणणार नाही. खरा म्हणावे, तर सळई तापलेली आहे. मला तुझ्या कपाळावरची शीर दिसते.

तू पारड्यातल्या मिठात हात घालतेस. तो ओला होऊन बाहेर येतो.

"गाडगं कुठं ठेवलं होतंस गं?"

"पडवीत," ती आई म्हणते. "पागोळ्यांच्या बाजूला."

तू चुलीपाशी बसतेस, चिमट्याने सळई बाजूला ओढतेस आणि कढई मागतेस. थोडे थोडे करून सगळे मीठ त्याच विस्तवावर भाजतेस. ते तडतडते, धुराने सगळ्यांचे डोळे चुरचुरतात, सासू तोंड फिरवून बसते. मीठ निवल्यावर तू पोराला पुन्हा पारड्यात ठेवतेस. त्याचे पारडे सावकाश खाली येते आणि खालीच राहते.  सासू सळईवर तांब्याभर पाणी ओतते आणि म्हणते, "मंग मीठच आजारी होता म्हनायचा." सगळ्यांबरोबर तूही हसलीस. "चूक माझी," तू म्हणालीस. "पावसाळ्यात मीठ पाणी पितं, हे दर्याकाठी राहून मला सुचलं नाही." त्या दिवसापासून गावातली सगळी गाडगी चुलीवरच्या शिंक्यात गेली.

परतताना तू एकच वाक्य बोललीस: "मूल खाली ठेवलं तरी त्याचं वजन हातांत राहतं हो थोडा वेळ." आपल्या घरात पाळणा हलला नाही. मी तराजू या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतला आणि तुझ्या बाजूने चालू लागलो.

ते पोर वर्षाचे झाले तेव्हा त्याच्या आईने मीठ समुद्रात सोडण्याआधी त्यातली एक मूठ तुझ्या पदरात घातली. "ओटी गो, बाय." ओटी तांदळाची असते, मिठाची नव्हे, असे माझ्या ओठांवर आले होते; तुझा चेहरा पाहिला आणि मी तुझ्या पदराला गाठ मारून दिली. ते मीठ तू चिनी मातीच्या बरणीत ठेवलेस. पुढे तापात तू गेलीस आणि बरणी माझ्याकडे राहिली. दर पावसाळ्यात मीठ ओलावते, दर पावसाळ्यात मी ते तुझ्यासारखेच कढईत भाजून पुन्हा भरून ठेवतो.

हे पत्र कोठे पाठवायचे नाही. त्यातल्या मात्रा-वेलांट्या मात्र दोनदा तपासल्या आहेत. एवढेच सांगायचे राहिले, की या वर्षी मी मीठ भाजले नाही. ओली बरणी मांडीवर घेतली की थोडी जड लागते. मी ती तशीच धरून बसलो आहे.