ट्रेलरला मीठ लागता कामा नये

१२ एप्रिल
शुभारंभ. सासऱ्यांचा १९६४ सालचा बोटीचा ट्रेलर कोठारातून ओढून काढला. त्यांची लाकडी बोट ठणठणीत आहे, ती ठोकळ्यांवर ठेवली. ट्रेलर मात्र नुसता गंज. सासूबाई एक्याण्णव वर्षांच्या. जूनमध्ये मिडसमरच्या सणाला नवऱ्याच्या बोटीतून माहेरच्या बेटावर जायचंय म्हणतात. शब्द दिला. काम दोन आठवड्यांचं. प्लंबिंगचा धंदा शून्यातून उभा केलाय मी.

१३ एप्रिल
शेजारचा फोल्के कुंपणावरून डोकावला. म्हणाला, "इंगवार, चाकं फिरली की झालं रे." त्याच्या स्वतःच्या ट्रेलरवर रंगाचा ठिपका नाही. गंज आणि दोरी. अशा लोकांशी काय बोलायचं.

३० एप्रिल
अजून घासतोय. वसंताची होळी पेटवायला सगळं गाव गेलं, मेर्टासुद्धा. बायकोला शिस्तीचं महत्त्व नाही.

१७ मे
गडद निळा, तिसरा हात. दुपारी वारा सुटला आणि बर्चच्या झाडांचे पराग ओल्या रंगावर बसले. ट्रेलर पिवळा, मखमली. फोल्के म्हणे, "मे महिन्यात बर्चखाली रंग फक्त स्टॉकहोमवाले लावतात." तीस वर्षं राहतोय इथे. घासून पहिल्यापासून सुरुवात. पाया पक्का हवा.

५ जून
सातवा हात. मेर्टाला म्हटलं, बघ, चेहरा दिसतो. ती म्हणाली, "तुझाच दिसतोय, म्हणून आवडला." जळते.
सासूबाईंचा फोन. नवं लाइफ जॅकेट घालून आरशासमोर उभ्या होत्या म्हणे.

१८ जून, सकाळी ९
बोट चढवून बंदरावर गेलो. बोट तरंगून सुटावी म्हणून उतारावरून गाडी मागे घेतली. चाकं पाण्यापासून हातभर राहिली आणि लक्षात आलं: मीठ. रंगाच्या सात हातांवर समुद्राचं मीठ. ब्रेक दाबला. मागे रांग. फोल्के खिडकीशी आला. "अरे, बोटीचा ट्रेलर आहे तो. पाण्यात नाही घालायचा तर काय चर्चमध्ये न्यायचा?" असंस्कृत माणूस. रांगेतले हसले. तेही तसलेच. बोट घेऊन परत.

दुपारी
क्रेनवाल्याला फोन केला. क्रेनने उचलली की ट्रेलर कोरडा. मिडसमरनंतरच येतो म्हणाला. कामचुकार.

२० जून, मिडसमर
सासूबाई धक्क्यावर. समजावून सांगितलं, पुढच्या वर्षी नक्की. त्यांनी माझा गाल थोपटला. "जावईबापू, तुमच्या सासऱ्यांनीही ती बोट अशीच जपली. अठ्ठेचाळीस उन्हाळे. पुढच्या वर्षी नेतो म्हणायचे." मग फोल्केचा हात धरून त्याच्या पत्र्याच्या बोटीत उतरल्या. मेर्टा मागोमाग, हेरिंग मासे आणि नव्या बटाट्यांचा डबा घेऊन. मला कोणी चल म्हणालं नाही.

संध्याकाळी ७
पाव खाल्ला. ट्रेलरवर एक ओरखडा नाही.
सासरे समजूतदार माणूस होते.