शेवटच्या धड्याखालच्या चार ओळी

बाबा,

टपालाने येणाऱ्या बायबलच्या धड्यांचा शेवटचा पेपर आठवतो तुम्हाला? त्याबद्दलची एक गोष्ट मी तुम्हाला कधीच सांगितली नाही.

हात भाजून तुम्ही दवाखान्यात पडून होतात, तेव्हा केरळच्या नर्सबाईंनी तो फॉर्म दिला होता. महिन्याला एक धडा, खाली प्रश्न, उत्तरं लिहून परत पाठवायची. धडे मराठीतही मिळतात म्हटल्यावर तुम्ही लगेच हो म्हणालात. वाचणं तुम्हाला जेमतेम, त्यात उजव्या हाताची बोटं आखडून गेलेली, म्हणून वाचायची-लिहायची मी, नववीतली. पाकिटावर पाठवणाऱ्याच्या जागी आपलं 'भिलाई, म. प्र.' लिहिताना मला उगाच मोठं झाल्यासारखं वाटायचं. आई मात्र चिडली होती. "आपल्या देव्हाऱ्यात देव कमी पडले का?" तव्यावरची पोळी उलटत ती म्हणाली. तुम्ही म्हणालात, "मी धरम नाई बदलून राहिलो वो. मले एक गोष्ट समजून घ्याची हाय, ते कुठं भेटते ते पाहून राहिलो." कोणती गोष्ट, हे तिनं विचारलं नाही, मीही नाही.

दुपारी स्वयंपाकघरात, आईची भांडी घासून झाली की आपण बसायचो. जुना करार, नवा करार हे शब्द आले तेव्हा तुम्ही खुशीत आलात. "करार म्हनजे दोघायची सही लागते. देवानं केली, मानसानं केली का?" कृपा म्हणजे आपली लायकी नसताना मिळालेली माफी, असं पुस्तिकेत होतं. ते वाक्य तुम्ही मला तीनदा वाचायला लावलंत. तारण म्हणजे पापाच्या शिक्षेतून सुटका, यावर मात्र मान हलवलीत. "सुटका तर माही झालीच हाय. तिचं काय करू?" मला वाटलं, दवाखान्यातून सुटल्याचं बोलताय. पश्चात्ताप म्हणजे नुसतं रडणं नव्हे, चूक कबूल करून मागे फिरणं, हा धडा वाचला त्या दिवशी तुम्ही जेवला नाहीत. तुमची उत्तरं अशी आडवीतिडवी असायची आणि मला तर पूर्ण मार्क हवे असायचे. मग तुम्ही सांगायचात एक आणि मी लिहायची पुस्तिकेतलं. तुम्ही कधी कागद मागितला नाहीत. लेकीच्या शिक्षणावर तुमचा भारी भरवसा.

शेवटच्या पेपरात प्रश्नांखाली चार ओळी मोकळ्या सोडलेल्या. 'आपली काही शंका असल्यास येथे लिहावी.' "लिही," तुम्ही म्हणता, आणि माझ्याकडे न पाहता चुलीकडे पाहत बोलता. "हथखोजच्या कारखान्यात गरम लोखंडाच्या रसाची बादली वर टांगली असली का खाली कोनी जात नाई. मी माह्या जोडीदाराले जा म्हनलं. तो नाई म्हनत होता. साखळी तुटली. चौकशीत मी सांगतलं का तो आपल्याच मनानं गेला. ज्याचं वाईट केलं तोच मेला, तं आता माफी कोन देईन? त्याच्या बायकोले सांगा लागते का?"

माझा पेन कागदावर टेकलेला आहे आणि हलत नाही. जोडीदाराला ओढून काढताना तुमचा हात भाजला म्हणून सगळा मोहल्ला तुम्हाला हात जोडायचा. शाळेत बाईंनी मला उभं करून ही गोष्ट वर्गाला सांगितली होती. आता हा कागद कोणीतरी परका माणूस उघडेल, वाचेल, पोलीस घरी येतील. भीती होतीच. पण खरं सांगायचं तर, माझा बाप असा नाही, एवढं मला निदान कागदावर तरी हवं होतं. मी लिहिलं, 'काही शंका नाही. सर्व धडे समजले.'

"वाचून दाखव," तुम्ही म्हणालात. मी कागद समोर धरला आणि त्यावर नसलेलं तुमचं बोलणं, शब्दही न चुकता, वाचून दाखवलं. तुम्ही डोळे पुसलेत. "जवाब आला का जातो मी तिच्याकडं. सांगा म्हनले तं सांगतो."

त्यानंतर तुम्ही रोज ड्युटीवरून येऊन सायकल लावायच्या आधी विचारायचात, "टपाल?" दीड महिन्यानं पाकीट आलं. शंभरपैकी शंभर, जाड कागदाचं सर्टिफिकेट, छापील अभिनंदन. तुम्ही सर्टिफिकेट उलटं करून पाहिलंत. पाकिटात फुंकर मारून आत पाहिलंत. "माह्या गोष्टीचं काई नाई का वो?" मी नाही म्हटलं. तुम्ही बराच वेळ त्या वाकड्या बोटांनी पाकिटाच्या घड्या घालत बसलात. "बरोबर हाय," शेवटी म्हणालात, "याले जवाब नसनच." तिच्याकडे तुम्ही कधी गेला नाहीत. त्यानंतर नऊ वर्षं जगलात, पण हसलेले मला आठवत नाही.

तुम्ही वारलात तेव्हा त्याची बायको आली होती. तुमच्या त्या हाताला कपाळ लावून रडली. "माह्या मानसासाठी जाळून घेतला यायनं. तो आपल्याच चुकीनं गेला, तरी हे धावले." मी तिच्या शेजारी उभी होते, पाण्याचा तांब्या घेऊन. तिला पाणी दिलं. तिची दोन्ही मुलं बापासारखं बेपर्वा राहू नका, हे ऐकत मोठी झाली. त्यातला मोठा मुलगा तर बापाचा फोटोही लावू देत नाही म्हणे. हे आपल्या घरातून गेलंय, बाबा. निम्मं तुमच्याकडून, निम्मं माझ्याकडून.

मागच्या महिन्यात सेक्टर २ मध्ये तिच्या घरी गेले होते. आता तिला नीट दिसत नाही, पण आवाजावरून ओळखलं. चहा केला, तुमच्या हाताची आठवण काढली. दोनदा तोंड उघडलं मी. "कावून आली होती, बाई? काई काम होतं?" तिनं विचारलं. मी म्हटलं, काही नाही, सहज.

म्हणून तुमच्या नावानं हे लिहायला बसले. तुम्हाला लिहिणं सोपं आहे, कारण तुम्ही वाचणार नाही. तिचा पत्ता मला तोंडपाठ आहे.