माझ्या अंगात कोणी येत नाही

मी, सुषमा हिलाल सोनवणे, निवृत्त शिक्षिका, महानगरपालिकेची मराठी शाळा, उधना. हल्ली मुक्काम गोडादरा, सुरत. माझं डोकं ठिकाणावर आहे. हा मृत्युपत्राचा कागद मी कोणाच्या धाकाने वा लाडीगोडीने करत नाही आणि कोणत्याही देवीच्या सांगण्यावरून तर मुळीच नाही. हे शेवटचं वाक्य वकीलसाहेब काढा म्हणत होते. ते राहील.

मला पार्किन्सन आहे. हात कापतो, पाय जमिनीला चिकटतो, आवाज घशातच राहतो. गोळी घेतली की पाय सुटतो. पण इतक्या वर्षांनी त्याच गोळीने मान, खांदे आणि हात आपोआप डुलू लागतात. याला डॉक्टरांकडे नाव आहे. आमच्या गल्लीत त्याला वेगळं नाव मिळालं.

कलम १. अंगावरचे दागिने आणि बँकेतली ठेव मुलगी योगिता हिला. आमच्या खानदेशी कानबाई देवीच्या सणाला, रोटांच्या नैवेद्याच्या दिवशी, मी खुर्चीत डुलत होते. शेजारच्या मंगलाबाईंनी माझ्या कपाळावर मूठभर कुंकू फासलं आणि ओरडल्या, "कानबाई उनी वं माय!" बाया धडाधड पाया पडल्या. मी सांगत होते, कुंकू पुसा, डोळ्यांत जातंय. सून चंचलने माझ्या तोंडाशी कान आणला आणि जाहीर केलं, "माय सांगस, रोट गोड झायात." एकट्या योगिताने ओला रुमाल आणून माझे डोळे पुसले. ठेव त्या रुमालाची.

कलम २. पितळेचं ताट मंगलाबाईंना. घासून त्यात स्वतःचं तोंड पाहावं.

कलम ३. चंचलला स्वयंपाकघरातलं सगळं. ती स्वयंपाक उत्तम करते, ते नाकारणार नाही. पण तेव्हापासून दर मंगळवारी माझ्या दर्शनाला बाया जमायच्या आणि ती मला म्हणायची, "आत्याबाई, आज दीड गोळी ल्या, बाया येल शेतस." जास्त गोळी म्हणजे जास्त डुलणं, जास्त डुलणं म्हणजे जास्त नारळ. घरात खोबऱ्याच्या वड्या इतक्या झाल्या की मला खोबऱ्याचा वाससुद्धा सहन होत नाही. शिसारी येते.

कलम ४. आता मुलगा गजेंद्र.

एका मोठ्या दवाखान्यात नव्या औषधाचं संशोधन चाललं होतं. गोळीमुळे येणारं हेच डुलणं त्या औषधाने कमी होतं का, ते पाहायचं होतं. मी आपणहून नाव दिलं. संशोधनाच्या डॉक्टर ऋचाबेन पहिल्याच दिवशी स्पष्ट बोलल्या, "बा, आ दवा छे के खाली गोळी, ए मने पण खबर नथी." खरं औषध की औषधाविना नुसती गोळी, हे त्यांनाही ठाऊक नव्हतं. मला ते फार आवडलं. आपल्याला माहीत नाही असं तोंडावर सांगणारं माणूस मला बऱ्याच वर्षांनी भेटलं होतं. त्या लोकांचंही सगळं गोड नव्हतं. कंपनीचा एक साहेब माझ्यासमोर मला "केस" म्हणायचा आणि सगळ्यांना गार ढोकळा द्यायचा. पण तिथे माझ्या डुलण्याला कोणी नमस्कार करत नव्हतं. बोटं आपटायला लावायचे, चालायला लावायचे, मोजायचे. तपासणीला सकाळची गोळी न घेता, लाकडासारखं ताठून जावं लागे. तेही मी हौसेने केलं.

तपासणीच्या एका सकाळी मी ताठलेल्या अंगाने ओट्यावर बसून रिक्षाची वाट पाहत होते. गजेंद्र आतून ऋचाबेनना फोनवर सांगत होता, "आई गावी गेली आहे." ओट्याखाली पांडेसऱ्याहून माझ्या दर्शनाला आलेली माणसं रांगेत बसली होती. मी ओरडले. माझं ओरडणं कोणाला ऐकू जात नाही. पुढच्या खेपेलाही त्याने तेच केलं आणि माझं नाव संशोधनातून गळलं. माझ्या आजारावर औषध निघेल की नाही ते देव जाणे, पण ते शोधण्यात माझा हात होता. तो पोटच्या पोराने काढून घेतला. याबद्दल मी गजेंद्रला क्षमा केलेली नाही.

आता त्याला ओट्यावर माझं देऊळ बांधायचं आहे. गवंडी येऊन माप घेऊन गेला. मी जिवंत बसलेली असताना माझ्या फोटोला हार घातला. मेल्यावर मला इथे बसवणार, मग गोळीचाही खर्च नाही.

म्हणून लिहिते. माझ्या मृतदेहाचा ताबा योगिताकडे राहील. तिने विनाविलंब ऋचाबेनना कळवावं. मेंदू संशोधनासाठी द्यावा, बाकी देह वैद्यकीय महाविद्यालयाला. या आजारात मेंदूतली एक काळी पट्टी फिकी पडते म्हणतात. ती शिकणाऱ्या पोरांनी कापून पाहावी. माझ्यात जे आलं होतं ते तिथेच आहे.

गोडादऱ्याचं घर गजेंद्रला मिळेल, पण माझा देह अडवला नाही आणि घरात, ओट्यावर वा गल्लीत माझ्या नावाचा दगड, फोटो, पादुका काहीही मांडलं नाही तरच. मांडलं, तर घर योगिताचं.

सही मी गोळी घेण्याआधी केली आहे, म्हणजे सही करताना डुलत होते असं कोणी म्हणू नये. अक्षर मुंगीएवढं आलं आहे. ते माझंच आहे.

पुरवणी. पहिला साक्षीदार म्हणून मगन याला बोलावलं होतं. तो पदवीधर आहे, बँकेत नोकरीला आहे. मी सही करताना त्याने पाहिलं. वरचा सगळा मजकूर त्याला वाचून दाखवला होता. पेन हातात दिल्यावर त्याने ते टेबलावर ठेवलं, माझ्या पायांवर डोकं टेकलं आणि पोरीच्या लग्नाचं हळूच विचारलं, "माय, मनी पोरनं लगीन कव्हय जमी?"

मगन माझा विद्यार्थी. त्याला विज्ञान मी शिकवलं.

त्याची सही घेतलेली नाही. वकीलसाहेबांच्या शेजारच्या कार्यालयातून दुसरा माणूस बोलावला आणि त्याच्यासमोर मी पुन्हा सही केली.

लिहून ठेवणार : सुषमा हिलाल सोनवणे
साक्षीदार : १. विनायक दत्तात्रय केळकर २. धर्मेंद्र रतन पाटील
सुरत, १८ नोव्हेंबर २०२५