भाऊजींचं रक्त लागलंच नाही

प्रिय ताई,

पडल्या जागेवरून साष्टांग नमस्कार (वाकायला मनाई आहे, तेव्हा वाकले असं समज). तुम्ही सगळे खुशाल ना? माझी गर्भपिशवी काढली, मी ठणठणीत आहे. आता सविस्तर.

पिशवीतल्या गाठीमुळे पाळीत इतकं रक्त जायचं की शिलाई मशीनवरच डोळ्यांपुढे अंधारी यायची. एका मास्तरांच्या सदऱ्याला मी दोन्ही बाह्या डाव्याच लावल्या (भला माणूस, घालतोय तसाच). मी म्हटलं, एकदाची काढून टाका. पण डॉक्टरीणबाई ठाम. "एवढ्याशा रक्तावर मी सुरी धरणार नाही. आधी काही महिने इंजेक्शनं. पाळी थांबेल, गाठ आक्रसेल, अंगात रक्त भरेल. मग ऑपरेशनात जाईलही कमी."

पाळी थांबली खरी, पण अंगातून अशा वाफा निघू लागल्या की ऐन थंडीत मी पंखा लावायची आणि आमचे हे कानटोपी, शाल घेऊन जेवायला बसायचे. एकदा शालीतून हात काढवेना, तर म्हणाले, "तूच भरव." लग्नाला इतकी वर्षं झाली, पण भरवायची ही पहिलीच वेळ! दोघंही ठसका लागेपर्यंत हसलो. आणि खरंच, माझ्या ओठांवर रंग परत येत होता.

इकडे धाकट्या दिरांनी जाहीर केलं होतं, "वहिनीला रक्त मीच देणार." त्यासाठी बीट खाऊन खाऊन जीभ लाल. ऑपरेशनच्या दिवशी बाही सरसावून दारातच उभे. मला आत नेताना आईच आठवली (तीही अशीच आत गेली होती, आणि रक्त थांबलंच नाही). शुद्धीवर आले तेव्हा डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "फारच थोडं गेलं. बाटली लावावीच लागली नाही."

भाऊजींचा चेहरा असा पडला! "थोडं तरी घ्यायचं होतं हो!" शेवटी नर्सने त्यांना रक्तपेढीत पाठवलं, दुसऱ्या कुणाच्या तरी उपयोगी पडेल म्हणून. सुई पाहताच धाडकन आडवे. पण उठल्यावर देऊनच आले हो!

तुझी,
धाकटी

ता. क. मुळीच घाबरले नव्हते असं लिहिणार होते, पण तू ओळखशील.

ता. क. आणखी एक, खरं म्हणजे पत्र यासाठीच. मागच्या खेपेला जिना चढताना तू दोनदा भिंतीला टेकलीस. विचारलं तर म्हणालीस, "वयाचं आहे." मीही हेच म्हणायचे. डॉक्टरीणबाईंशी तुझ्याबद्दल बोलून ठेवलंय. हिंडू-फिरू लागले की तुला न्यायला येते. मोठी असलीस तरी या वेळी मुकाट्याने ऐक.